तार आणि नाका

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या लगत तारनाका नावाची वस्ती आहे. नावातील दोन्ही शब्द आपल्याही बोलण्यात नित्याचे असल्यामुळे मराठी माणसाला ती पाटी वाचताना परके वाटत नाही. निजामाच्या काळी येथे आमराया होत्या, त्यांना काटेरी तारेचे कुंपण होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी एक नाका बसविलेला होता, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. आमराया गेल्या. परंतु मला आज ज्या विषयावर आपल्याशी बोलावयाचे आहे, त्याचे अर्धेअधिक मर्म त्या नावात अजून शिल्लक आहे. आतली वस्तू बाहेर जाऊ नये म्हणून तार, आणि बाहेर पडणाऱ्याने नकळत काही बरोबर नेले नाही ना हे पाहण्यासाठी नाका. किरणोत्सारी द्रव्ये हाताळणाऱ्या कोणत्याही कामाच्या जागी ह्या दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि त्या का असाव्या लागतात हे माणसाला फार महाग किंमत देऊन शिकावे लागले.

तारनाक्याचा आणि ह्या विषयाचा संबंध केवळ नावापुरता नाही. हैदराबाद संस्थानाने १९४४ साली स्थापन केलेली मध्यवर्ती प्रयोगशाळा पुढे १९५६ मध्ये प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा झाली आणि १९८९ पासून ती भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पोषणविषयक संशोधन करणारी संस्था १९५८ मध्ये कुन्नूरहून येथे आली. आणि रासायनिक प्रयोगशाळेच्याच आश्रयाने १९७७ साली पेशी व रेण्वीय जीवशास्त्राचे केंद्र सुरू झाले, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सारे लोक सीसीएमबी म्हणतात. डॉ. पुष्पमित्र भार्गव हे त्याचे संस्थापक संचालक. केंद्राची आजची वास्तू २६ नोव्हेंबर १९८७ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

त्याच सुमारास डॉ. लालजी सिंग एडिंबरोहून तेथे येऊन दाखल झाले. पट्टेरी मण्याराच्या मादीच्या पेशींत सापडलेला आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा त्यांच्यापाशी होता. त्या तुकड्याच्या साहाय्याने माणसामाणसांतील भेद ओळखता येतो हे त्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, आणि पितृत्वाच्या व खुनाच्या खटल्यांत ज्याचे नाव आपण वर्तमानपत्रांतून वारंवार वाचतो, त्या डीएनए-चाचणीला भारतात प्रारंभ झाला. मण्याराचा तो तुकडा माणसाच्या डीएनएवर नेमका कोठे चिकटला हे पाहावयाचे तर त्याला काही खूण हवी. ती खूण म्हणजे किरणोत्सारी फॉस्फरस, फॉस्फरस-३२. छायाचित्राच्या फिल्मवर रात्रभर किंवा काही दिवस ठेवले की तो आपल्या किरणांनी काळ्या पट्ट्या उमटवितो. त्या पट्ट्यांवर पुढे न्यायालयांनी निकाल दिले.

हा फॉस्फरस टिकाऊ नाही. १४.३ दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. परदेशातून आलेले पार्सल विमानतळावर नुसते चार दिवस अडकले, तरी जवळजवळ १८ टक्के माल तेथल्या तेथे संपलेला असे. म्हणून अणुऊर्जा विभागाने सीसीएमबीच्याच आवारात अशी खूण लावलेली रसायने तयार करणारी प्रयोगशाळा उभारली. तिचे नाव ‘जोनाकी’. बंगालीत जोनाकी म्हणजे काजवा. नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे. मात्र काजवा अंधारात दिसतो आणि हा काजवा दिसत नाही, एवढा फरक आहे. आणि आपली सारी अडचण त्या फरकातच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी सुशिक्षितांतही घोटाळा आढळतो. किरण अंगावर पडणे वेगळे आणि किरणोत्सारी द्रव्य अंगाला लागणे वेगळे. उन्हात उभे राहिले तर चटका बसतो; सावलीत आलो की ऊन मागे राहते. छातीचा क्ष-किरण फोटो काढून आलेला रोगी घरी किरण घेऊन येत नाही. पण चुलीतील राख हाताला लागली तर ती आपल्याबरोबर घरभर फिरते, दाराच्या कडीला लागते, मुलाच्या गालाला लागते, आणि हात न धुता जेवलो तर पोटातही जाते. ह्या दुसऱ्या प्रकाराला शास्त्रात किरणोत्सारी दूषण म्हणतात. ऊन टाळण्यास सावली पुरते, राखेला मात्र शिस्त लागते.

आमच्या घरांतून सोवळ्याओवळ्याचा जो बडिवार चाले, त्याची आठवण येथे कोणालाही व्हावी. कशाला शिवले, मग कशाला शिवू नये, कोणते भांडे कोठे ठेवावे, आत जाताना कोणते वस्त्र नेसावे, ही सारी भाषा प्रयोगशाळेत पुन्हा ऐकू येते. पण साम्य तेथेच संपते. आमच्या समाजाने माणसांना लावलेला विटाळ कोणत्याही यंत्रावर कधी मोजता आला नाही, कारण तो नव्हताच. आणि त्या खोट्या विटाळापायी पिढ्यान् पिढ्या माणसे पाणवठ्यापासून दूर ठेवली गेली. हा विटाळ मोजता येतो. तो ब्राह्मणाच्या बोटाला लागतो तसाच झाडूवाल्याच्या बोटाला लागतो, आणि काटा दोघांसाठी सारखाच हलतो.

ही राख ओळखण्यास जग शिकले ते अमेरिकेतील काही कारखानदार मुलींमुळे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारात वेळ दिसावी म्हणून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे काढण्याचा धंदा भरभराटीस आला. न्यू जर्सीतील ऑरेंज ह्या गावी १९१७ पासून असा एक मोठा कारखाना चालू होता. कामावर बहुतेक तरुण मुली, काही तर पंधरा-सोळा वर्षांच्या. आकडा बारीक निघावा म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून निमुळते करावयाचे, रंगात बुडवावयाचे, आकडा काढावयाचा, आणि पुन्हा ओठांत धरावयाचे, अशी त्यांना शिकवणच होती. दिवसातून शेकडो वेळा असे होई. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. रात्री त्या घरी निघाल्या की त्यांचे केस आणि कपडे मंद चमकत, आणि त्यांना त्याची गंमत वाटे.

रेडियमचा गुणधर्म असा की शरीर त्याला चुना समजते. दूध-भाकरीतील चुना जेथे जातो तेथेच, म्हणजे हाडांत, ते रेडियम जाऊन बसले. तेथून त्याची हकालपट्टी होत नाही. त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे. प्रथम दात दुखू लागले. दात काढला तर जखम भरेना. मग जबड्याचे हाड झिजून तुकडे पडू लागले, अंगातील रक्त आटू लागले. १९२२ मध्ये दगावलेल्या एका मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर उपदंश हे कारण लिहिले गेले. १९२७ मध्ये तिचे प्रेत उकरून हाडे तपासली, तेव्हा ती किरणोत्सारी असल्याचे सिद्ध झाले. पाच वर्षे एक निरपराध मुलगी त्या खोट्या कलंकाखाली पुरलेली होती.

मधल्या काळात काय घडले हे आज वाचताना चीड येते. हार्वर्डचे डॉ. सेसिल ड्रिंकर ह्यांनी १९२४ साली कारखान्याची पाहणी केली. कामगार मुलींना अंधाऱ्या खोलीत नेऊन पाहिले, तर त्यांचे केस, मान, हात आणि आतले कपडेसुद्धा चमकत होते. दूषण ओळखण्याची ही बहुधा पहिली शास्त्रीय तपासणी म्हणावी लागेल. ड्रिंकरांनी स्पष्ट अहवाल दिला. कंपनीने तो दडपला आणि सरकारी कामगार खात्याला वेगळाच, सारे आलबेल असल्याचे सांगणारा मजकूर पाठविला. पुढे डॉ. हॅरिसन मार्टलंड ह्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२५ मध्ये पीडितांच्या उच्छ्वासातून येणारा किरणोत्सारी वायू मोजून दाखविला, आणि मग वाद घालण्यास फारशी जागा उरली नाही. पाच स्त्रियांनी लावलेला दावा जून १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. ज्या रसायनज्ञाने तो रंग शोधला, तो सबिन फॉन सोचोकी स्वतः त्याच वर्षी रक्तक्षयाने मेला. ह्या मुलींच्या हाडांचा अभ्यास करूनच १९४१ साली, शरीरात एक मायक्रोग्रॅमच्या दशांशाहून अधिक रेडियम असता कामा नये, अशी मर्यादा अमेरिकेत ठरली. पुढे प्लुटोनियमच्या कारखान्यांची आखणी करणाऱ्यांनी तोच धडा समोर ठेवला.

आपल्या भाषेत ‘दूषण’ शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, बिघडविणारा मळ, दुसरा, ठपका. ह्या सर्व इतिहासात दोन्ही अर्थ हातात हात घालून चालतात. ठपक्याच्या भयाने मळ लपविला जातो आणि लपविलेला मळ पसरतो. कंपनी लपविते ती नफ्यासाठी. कनिष्ठ सहायक लपवितो तो साहेब रागावेल म्हणून. टेबलावर सांडलेला एक थेंब कागदाने गुपचूप टिपून तो कागद नेहमीच्या केराच्या डब्यात टाकला, की तो डबा उपसणारी बाई त्या कहाणीत ओढली जाते. तिला कोणी काही सांगितलेले नसते.

मला आठवते, फार वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत (ती कोठली ते सांगण्याचे कारण नाही) मी शीतकपाट उघडलेले पाहिले. दारावर पिवळ्या पार्श्वभूमीवर ते तीन पाकळ्यांचे काळे चिन्ह होते, जे १९४६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे प्रथम काढले गेले आणि ज्याला पाहून आपल्याकडील कोणालाही बेलाच्या पानाची आठवण व्हावी. आत शिशाच्या डब्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चहासाठी आणलेली दुधाची पिशवी होती. विचारले तर उत्तर आले, “दुसरे फ्रिज बिघडले आहे.” ती पिशवी बहुधा स्वच्छच असेल. पण ओठांनी कुंचला टोकदार करणाऱ्या मुलींचाही कोणता कुंचला कितपत दूषित आहे, हे त्यांना कोठे ठाऊक होते?

तर मग ओळखावयाचे कसे? फॉस्फरस-३२ च्या बाबतीत काम तुलनेने सोपे आहे. त्याचे बीटा किरण जोमदार असतात, हवेत कित्येक मीटर जातात, त्यामुळे साधा गायगर काउंटर जवळ नेला की टकटक वाढते. काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर टेबल, नळाची तोटी, दाराची मूठ, टेलिफोन, बुटांचे तळ आणि दोन्ही हात यंत्रासमोर धरावयाचे. हातमोजे दोन घालावयाचे आणि वरचा वारंवार बदलावयाचा, कारण डाग प्रथम बोटांवर पडतो. एक चमत्कार मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. आडोसा म्हटला की सर्वांना शिसे आठवते. पण ह्या किरणांपुढे नुसते शिसे धरले, तर किरण शिशात एकदम अडखळून त्यांतून क्ष-किरण उत्पन्न होतात. सेंटिमीटरभर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिकची फळी येथे शिशाहून चांगली. सांडलेच, तर ओरडून शेजाऱ्याला सांगावे, डागाभोवती खडूची रेघ मारावी आणि कडेकडून मध्याकडे पुसत जावे. मध्यातून बाहेर पुसले तर डाग मोठा होतो, हे आमच्या आजीबाईंनाही सारवताना ठाऊक असे. अंगाला लागले तर कोमट पाणी आणि साधा साबण. घासून कातडी सोलली तर जे बाहेर होते ते आत जाते. उरलेले कपडे-कागद खूण करून पेटीत ठेवले, की दहा अर्धायुष्यांत, म्हणजे सुमारे १४३ दिवसांत, त्यांचा जोर हजारांशावर येतो. काळ येथे आपला मित्र आहे.

छातीवर लावावयाचा बिल्ला पुष्कळांनी पाहिला असेल. आरंभी त्यात छायाचित्राची फिल्म असे. १९७५ पासून भारतात तिच्या जागी, तापविल्यावर साठविलेल्या किरणांच्या प्रमाणात प्रकाश देणारी चकती आली, आणि त्या कामी तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. पण बिल्ला लावला म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूत पत्रिकेत मंगळ नाही म्हणून अपघात होणार नाही म्हणण्यासारखी आहे. बिल्ला बाहेरून आलेले किरण नोंदवितो. पोटात काय गेले हे त्याला कळत नाही. आणि काही द्रव्ये अशी आहेत की बिल्ला आणि गायगर काउंटर दोघेही त्यांच्यापुढे आंधळे ठरतात.

त्याचा प्रत्यय आपल्या सीमेवरच आला. कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी कैगा येथे अणुवीजकेंद्र आहे. तेथील अणुभट्ट्यांना लागणारे युरेनियम इंधन, एकोणीस कांड्यांच्या जुड्या बांधून, तारनाक्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या मौलाअलीच्या आण्विक इंधन संकुलातून जाते. (त्या संकुलाचा स्वतःचा प्रश्न निराळा; तेथे भय असते ते श्वासावाटे जाणाऱ्या बारीक भुकटीचे.) कैग्याच्या भट्ट्यांत जड पाणी वापरतात आणि त्या पाण्यात कालांतराने ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होतो. त्याचे किरण इतके दुबळे की हवेतही जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातात. कातडीचा मृत थरसुद्धा त्यांना पुरे होतो. पण पाण्याच्या रूपाने तो पोटात गेला की साऱ्या शरीरात पाण्यासारखाच पसरतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील कामगारांच्या लघवीच्या नित्य तपासणीत ट्रिटियमचे प्रमाण अचानक वाढलेले आढळले. हवेत गळती नव्हती. यंत्रसामग्री ठीक होती. ज्यांच्या नमुन्यांत वाढ होती त्यांच्यात समान काय, याचा शोध घेत तपास पोहोचला तो पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपाशी. कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी त्या कूलरमध्ये मिसळले होते. टाकी कुलूपबंद होती. जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीवाटे ते आत घालण्यात आले असावे, असा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी काढला आणि प्रकरण पोलिसांकडे गेले. पन्नासाहून अधिक कामगारांच्या पोटात ते पाणी गेले होते. त्यांपैकी दोघांची मात्रा, कोणत्याही एका वर्षासाठी ठरविलेल्या ३० मिलिसीव्हर्टच्या मर्यादेपलीकडे गेल्याचे सांगण्यात आले. उपचार साधा होता: भरपूर पाणी पिणे आणि लघवी वाढविणारे औषध. शरीरातील पाणी बदलते तसा ट्रिटियमही निघून जातो. एरवी सुमारे दहा दिवसांत निम्मा.

ह्या प्रकरणात कोणाच्या हातून ते कृत्य झाले ह्याचीच चर्चा अधिक झाली. माझ्या मते तिच्याइतकेच लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे गेले पाहिजे होते. ते पकडले गेले कशाने? कोणत्याही टकटक करणाऱ्या यंत्राने नव्हे. लघवीच्या बाटलीने. कामगारांना कंटाळवाणी वाटणारी, प्रसंगी थट्टेचा विषय होणारी ती बाटली वेळच्या वेळी दिली जात होती, आणि प्रयोगशाळेतील कोणीतरी तिचा आकडा नुसता वहीत न उतरविता गेल्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहत होता. त्या अनाम माणसाचे आभार मानावयास हवेत.

कूलरची गोष्ट निराळी वाटत असेल, तर आणखी एक ऐका. १९९५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, जेथे किरणोत्साराचे नियम जगात कोठेही असतील इतके कडक होते, एका गरोदर संशोधिकेच्या शरीरात फॉस्फरस-३२ सापडला. तपास करता आणखी सव्वीस जण निघाले, आणि तेथेही वाट गेली ती पाण्याच्या कूलरपाशी. ऑरेंजचा कुंचला, बेथेस्डाचा कूलर, कैग्याचा कूलर: तिन्ही ठिकाणी ज्या दारावर नाका बसविलेला नव्हता ते दार म्हणजे माणसाचे तोंड. म्हणूनच प्रयोगशाळेत खाणेपिणे, विडी ओढणे, पानतंबाखू चघळणे ह्यांना सरसकट बंदी असते. नवख्याला तो छळ वाटतो.

आणि हे केवळ अणुकेंद्रांपुरते आहे असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एक जुने यंत्र तोडले गेले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षे वापरावाचून पडलेले ते यंत्र लिलावात विकले गेले होते आणि त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होते. तोडणाऱ्यांना चिन्हाचा अर्थ ठाऊक नव्हता. काहींचे केस गळाले, कातडी काळवंडली. एक मजूर मरण पावला. विकणारा होता विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग, आणि मेला तो छिन्नी-हातोडा चालविणारा.

तारनाक्याच्या परिसरात आता फॉस्फरस-३२ चा वापर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे. डीएनए ओळखण्यासाठी आज चमकणारे रंग वापरतात, फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोल्या ओस पडल्या किंवा त्यांची कोठारे झाली. जोवर तेथे केवळ फॉस्फरस होता, तोवर चिंता नाही. तो काही महिन्यांतच नाहीसा होतो. पण ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे आणि कार्बन-१४ चे ५७३० वर्षे. एखाद्या टेबलावर १९८५ साली कोणी काय हाताळले हे कोठे लिहून ठेवलेले नसेल, तर ती खोली दुसऱ्या कोणाला देण्यापूर्वी मोरीची कड, नळाचा बाक, खणाच्या आतली बाजू ओल्या कागदाने पुसून तो कागद काउंटरमध्ये घालावा लागतो. देशभर आज अशा किती खोल्या असतील! जुन्या रजिस्टरांची पाने चाळून, कोणत्या खोलीत कोणती बाटली आली आणि ती कोठे गेली, ह्याचा ताळा जमविणारा कारकून त्या कामी शास्त्रज्ञाइतकाच उपयोगी पडतो.